एक नंबरचं गाणं ठरवतं कोण?



मागच्या मे महिन्यात आमच्या गटातल्या एका ताईंच्या लेकीची हळद होती. मांडवात एका बाजूला धवलारीण आजी आणि त्यांच्याबरोबर गाणाऱ्या दोघी-तिघी बसल्या होत्या. दुसऱ्या बाजूला पोरांनी मोबाइल स्पीकरला जोडला होता. आजींचा एक धवला संपला, तोच पोरांनी गाणं लावलं. एक भाची नाचता नाचता ओरडली, "हे सध्या एक नंबरला आहे!" आजींनी पदर सावरला आणि विचारलं, "नंबर कोनी लावला गो?"

सगळ्या हसल्या. पण उत्तर कुणालाच देता आलं नाही. आम्ही रेडिओवर बोलणाऱ्या, दर आठवड्याला तुम्हाला गाणी ऐकवणाऱ्या, तरी आम्हालाही सांगता आलं नाही. घरी आल्यावर आम्ही शोधाशोध केली, वाचलं, जाणत्या माणसांना विचारलं. आजचं बोलणं म्हणजे आजींच्या त्या प्रश्नाचं उत्तर आहे. आणि त्यात तुमच्या-आमच्या पैशांचा आणि आवाजाचाही संबंध आहे, म्हणून शेवटपर्यंत ऐका.

आधी मासळीचं उदाहरण घेऊ. धक्क्यावर जी मासळी लिलावात जाते, ती सोसायटीच्या वहीत चढते. किती टोपल्या, काय भाव, सगळं लिहिलं जातं. पण आपल्यातली एखादी पाटी डोक्यावर घेऊन आतल्या गावांत जाते, दारोदार वाटे लावून बोंबील आणि जवळा विकते, ती विक्री कुठल्या वहीत असते? कुठल्याच नाही. मासळी खरी, पैसे खरे, खाणारी तोंडं खरी. पण वही बघणाऱ्याला वाटेल की ती विक्री झालीच नाही.

गाण्यांचं अगदी असंच आहे. गाण्यांची क्रमवारी म्हणजे एक वही. इंग्रजीत तिला चार्ट म्हणतात, आपण टॉप टेन म्हणतो. त्या वहीत काय मोजायचं हे आधी कुणीतरी ठरवतं. आणि मोजायची रीत बदलली, की एक नंबरचं गाणंही बदलतं.

दुकानातून आणि पोस्टातून आलेले आकडे

ब्रिटनमध्ये गाण्यांच्या विक्रीची पहिली यादी १४ नोव्हेंबर १९५२ रोजी एका संगीत साप्ताहिकात छापून आली. ती कशी केली होती? साप्ताहिकातल्या एका माणसाने वीसएक दुकानांना फोन केले आणि विचारलं, या आठवड्यात कोणत्या तबकड्या जास्त खपल्या? दुकानदारांनी सांगितलं, त्याची बेरीज केली, झाली यादी. वीस दुकानांवरून अख्ख्या देशाची आवड ठरली.

गंमत बघा. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, ३ डिसेंबर १९५२ रोजी, रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. तुमच्यातल्या मोठ्या बायकांना अमीन सयानींचा आवाज आठवत असेल. बुधवारची रात्र, आठ वाजता, शेजारच्या घरातल्या रेडिओभोवती सगळी आळी जमायची. आकाशवाणीने त्या काळात सिनेमाची गाणी जवळजवळ बंद केली होती. तेव्हाचे माहिती आणि नभोवाणी मंत्री होते बाळकृष्ण केसकर, आपले मराठीच. त्यामुळे लोकांनी काटा फिरवून सिलोन लावलं. सुरुवातीला गीतमालेत गाण्यांना क्रम नव्हता. पुढे क्रम आला, आणि सयानींनी त्याला 'पायदान' असा गोड शब्द दिला. दुकानांतल्या तबकड्यांची विक्री आणि गावोगावच्या श्रोता संघांची मतं, दोन्ही धरून ती पायदानं लागत.

म्हणजे आपल्याकडे पोस्टकार्डालाही किंमत होती. मराठीत आकाशवाणीच्या 'आपली आवड'साठीही लोक असेच पत्र टाकत. तबकडी विकत घ्यायची ऐपत किती घरांत होती? कोळीवाड्यात तर ग्रामोफोन असलेलं घर बोटावर मोजण्याइतकं. पण पत्र लिहिणं सगळ्यांना परवडायचं. शांता शेळके यांनी लिहिलेली, हृदयनाथ मंगेशकरांनी चाल लावलेली आणि लतादीदींनी गायलेली कोळीगीतं आपल्या किनाऱ्यावर घरोघरी पोचली ती रेडिओमुळे. तबकडी घेणारे त्या मानाने थोडेच होते.

परदेशात मात्र वही दुकानाचीच राहिली. तिथे 'सिंगल' नावाची छोटी तबकडी मिळायची. एका बाजूला मुख्य गाणं, पाठीमागे दुसरं एखादं. दर आठवड्याला जिची सिंगल जास्त खपली ती यादीत वर. आपल्या अभिमानाची एक गोष्ट सांगतो. फेब्रुवारी १९९८ मध्ये ब्रिटनच्या या यादीत एक नंबरला जे गाणं होतं, त्याच्या नावातच आपल्या आशाताई भोसले होत्या. 'ब्रिमफुल ऑफ आशा' हे त्याचं नाव आणि कॉर्नरशॉप हा ते गाणारा गट. आपल्याकडच्या सिनेमाच्या गाण्यांवर आणि छोट्या तबकड्यांवर जीव असणाऱ्या माणसाने केलेलं ते गाणं. पण तेही एक नंबरला गेलं, ते लोकांनी दुकानात जाऊन विकत घेतलं म्हणून.

वाट्यातला एकच मासा

आता डाउनलोड आलं तेव्हा काय झालं, ते बघू. इथे पुन्हा मासळी आठवा.

आपण वाटा लावतो. वाट्यात दोन मोठे मासे, चार छोटे, एखादा नरम. गिऱ्हाइकाला त्यातला एकच मासा हवा असतो, पण आपण म्हणतो, "वाटा घ्या, सुटं नाही मिळणार." कॅसेटचं आणि सीडीचं हेच होतं. आठ-दहा गाण्यांतलं आवडायचं एकच, पैसे मात्र सगळ्यांचे द्यायचे. अमेरिकेत तर १९९० नंतरच्या काळात कंपन्या मुद्दाम काही गाजलेली गाणी सुटी विकायलाच काढत नसत. गाणं रेडिओवर दिवसभर वाजायचं, पण दुकानात गेलं की पूर्ण अल्बमच घ्यावा लागायचा.

एप्रिल २००३ मध्ये अमेरिकेत ॲपल कंपनीने आयट्यून्सचं इंटरनेटवरचं दुकान उघडलं. तिथे प्रत्येक गाणं ९९ सेंटला, म्हणजे एका डॉलरपेक्षा एक सेंट कमी. हवं ते एकच गाणं घ्या आणि घरी बसून कॉम्प्युटरवर उतरवा. वाटा मोडला! गिऱ्हाईक थेट एक मासा उचलू लागलं.

पण यादी करणाऱ्यांपुढे प्रश्न पडला. लोक गाणी विकत तर घेत आहेत, पण दुकानात दिसत नाहीत. मग मोजायचं की नाही?

नियम बदलला, निकाल बदलला

ब्रिटनमध्ये हे एका फटक्यात झालं नाही. सप्टेंबर २००४ मध्ये डाउनलोडची वेगळी यादी सुरू झाली. जणू घरात नवी सून आली, पण तिचं ताट वेगळं. एप्रिल २००५ मध्ये डाउनलोड मुख्य यादीत धरायला लागले, पण अट अशी की त्या गाण्याची तबकडी दुकानातही असली पाहिजे. २००६ मध्ये अट थोडी सैल केली. दुकानात माल यायच्या एक आठवडा आधीचे डाउनलोडही चालतील, असं ठरलं. आणि लगेच एप्रिल २००६ मध्ये 'क्रेझी' नावाचं गाणं दुकानात यायच्या आधीच, नुसत्या डाउनलोडवर एक नंबरला गेलं. असं पहिल्यांदाच घडलं. ते नऊ आठवडे तिथेच बसलं. जानेवारी २००७ मध्ये अट पूर्ण काढून टाकली. आता दुकानात तबकडी असो वा नसो, विकलं गेलेलं प्रत्येक गाणं मोजायचं ठरलं. अमेरिकेच्या मोठ्या यादीतही फेब्रुवारी २००५ पासून डाउनलोड धरू लागले होते.

यातून तीन गोष्टी झाल्या.

पहिली गोष्ट, जुनी गाणी परत आली. पूर्वी दुकानात माल संपला की गाण्याचा नंबर संपला. डाउनलोडचा माल कधी संपत नाही. जानेवारी २००७ मध्येच तिथल्या एका रेडिओ निवेदकाने, म्हणजे आमच्यासारखंच काम करणाऱ्या माणसाने, नवा नियम तपासून बघायचं ठरवलं. त्याने श्रोत्यांना सांगितलं की १९९९ सालचं एक जुनं गाणं सगळ्यांनी डाउनलोड करा. श्रोत्यांनी केलं, आणि आठ वर्षं जुनं गाणं पहिल्या वीसांत आलं. त्यानंतर दर डिसेंबरात नाताळची जुनी गाणी यादीत चढू लागली. मराया कॅरीचं १९९४ सालचं नाताळचं गाणं अमेरिकेत एक नंबरला पोचलं ते २०१९ मध्ये, पंचवीस वर्षांनी. आपल्याकडे गणपती आले की प्रल्हाद शिंद्यांचा आवाज घरोघरी लागतो ना, तसंच. फक्त तिथे आता ते मोजलं जाऊ लागलं.

दुसरी गोष्ट, कंपनी नसलेल्यांनाही जागा मिळाली. दुकानात माल ठेवायचा तर कंपनी लागते, गाडी लागते, वितरक लागतो. डाउनलोडला यातलं काही लागत नाही. जानेवारी २००७ मध्येच कूपा नावाच्या तीन पोरांच्या गटाने, कुठल्याही कंपनीशी करार नसताना, पहिल्या चाळीसांत नाव लावलं.

तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत आवडली. ब्रिटनमध्ये एका टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेतला विजेताच दर नाताळाला एक नंबरला असायचा. चार वर्षं सलग असं झालं. २००९ मध्ये एका नवरा-बायकोला याचा वैताग आला. त्यांनी फेसबुकवर लोकांना हाक दिली, की या वेळी आपण सगळ्यांनी मिळून १९९२ सालचं एक जुनं, रागाचं गाणं विकत घेऊ. एका आठवड्यात पाच लाखांहून जास्त लोकांनी ते डाउनलोड केलं. टीव्हीचा विजेता दोन नंबरला गेला. पैसा, जाहिरात, टीव्ही सगळं एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला एकत्र आलेली साधी माणसं. बचत गट चालवणाऱ्या आपल्याला यातलं बळ वेगळं सांगायला नको.

आपल्याकडचं डाउनलोड

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं साहेबाच्या देशातलं. आपण कधी कॉम्प्युटरवर गाणं विकत घेतलं? बरोबर आहे. आपल्या किनाऱ्यावर डाउनलोड आलं ते दोन वाटांनी, आणि दोन्ही वाटा तुम्हाला माहीत आहेत.

एक वाट कॉलर ट्यूनची. आपल्याला कुणी फोन लावला की त्याला ट्रिंग-ट्रिंगऐवजी गाणं ऐकू यायचं. कोणाकडे भक्तिगीत, कोणाकडे कोळीगीत. पैसे आपले, ऐकणारा दुसरा! संगीत कंपन्यांना काही वर्षं भारतात मोबाइलवरून मोठी कमाई झाली ती यातूनच. आणि कोणती कॉलर ट्यून जास्त लोकांनी घेतली, याचे आकडे जाहिरातीत झळकू लागले. भारतात विक्री मोजणारी ब्रिटनसारखी अधिकृत यादी तेव्हा नव्हती, त्यामुळे हेच आकडे लोकप्रियतेचा पुरावा म्हणून सांगितले जायचे.

पण ते आकडे कसे तयार होत, ते आमच्याच गटात घडलेल्या गोष्टीवरून कळेल. आमच्या गटाच्या सचिव वहिनी पन्नास रुपयांचं रिचार्ज मारायच्या. दर महिन्याला तीस रुपये गायब. कंपनीला फोन केला तर यंत्र बोलायचं, माणूस नाही. सहा महिन्यांनी कळलं की त्यांच्या फोनवर एक गाणं लागलेलं आहे. नातवाने कुणाला तरी फोन लावताना, 'हेच गाणं हवं असेल तर स्टार दाबा' असं ऐकून स्टार दाबला होता. सहा महिन्यांचे १८० रुपये गेले. वहिनींना ते गाणं माहीतसुद्धा नव्हतं, कारण आपला फोन आपण स्वतः कुठे लावतो!

अशा तक्रारी देशभर होत्या. २०१३ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने सांगितलं, की अशी सेवा सुरू करण्याआधी ग्राहकाचा दोनदा होकार घ्यायचा. सेवा बंद करण्यासाठी १५५२२३ हा नंबरही ठरवून दिला. पण आमच्या वहिनींचे पैसे त्याआधीच गेले होते.

दुसरी वाट मेमरी कार्डाची. आठवा, नाक्यावरच्या मोबाइलच्या दुकानात पाटी असायची, 'गाणी भरून मिळतील'. वीस-तीस रुपये दिले की पोरगा कॉम्प्युटरला कार्ड लावायचा आणि शे-दोनशे गाणी भरून द्यायचा. तेही डाउनलोडच होतं. होड्यांवर, एसटीत, मासळी सुकवताना वाळवणावर, सगळीकडे तीच गाणी वाजायची. आपल्या आगरी-कोळी कलाकारांची कितीतरी गाणी अशीच रेवसपासून श्रीवर्धनपर्यंत पोचली. पण त्या गाण्याच्या गायिकेला त्यातला एक रुपया मिळाला नाही, आणि कुठल्याही यादीत त्या ऐकण्याची एक रेघही उमटली नाही.

आता दोन्ही शेजारी ठेवून बघा. वहिनींनी न ऐकलेलं, न आवडलेलं गाणं सहा महिने मोजलं गेलं. आणि सगळ्या किनाऱ्याने जीव लावून ऐकलेली गाणी मोजलीच गेली नाहीत. म्हणून कुणी 'एक नंबर' म्हटलं की आपण विचारायचं, काय मोजलं आणि काय सोडलं?

आता विकणं नाही, ऐकणं मोजतात

२०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि कार्ड भरणारी दुकानं हळूहळू बंद झाली. आता आपण गाणं विकतही घेत नाही, उतरवूनही ठेवत नाही. यूट्यूबवर किंवा ॲपवर लावतो आणि ऐकतो. त्यामुळे मोजायची रीत पुन्हा बदलली. ब्रिटनच्या यादीत जुलै २०१४ पासून ऐकणंही धरू लागले, आणि हिशेब असा केला की १०० वेळा ऐकलं म्हणजे एक गाणं विकलं. गाणं निदान तीस सेकंद वाजलं पाहिजे, तरच ते मोजायचं.

यातला फरक समजून घेऊ. विकत घेताना माणूस एकदाच मोजला जातो. गाणं घेतलं आणि पेटीत ठेवलं तरी एक, हजार वेळा ऐकलं तरी एक. ऐकणं मोजलं तर लहान पोरगं दिवसभर एकच गाणं लावतं, त्याचं पारडं जड होतं. २०१७ मध्ये एड शीरन या एकाच गायकाची सोळा गाणी पहिल्या वीसांत बसली, कारण लोक त्याचा अख्खा अल्बम लावून ठेवत होते. मग यादीवाल्यांना पुन्हा नियम करावा लागला, की एका गायकाची तीनच गाणी धरायची.

लबाडीही आली. जाहिरात म्हणून गाणं आपल्यासमोर आपोआप वाजतं, तेही 'इतके कोटी वेळा बघितलं' यात धरायचे. सप्टेंबर २०१९ मध्ये यूट्यूबने जाहीर केलं, की पहिल्या चोवीस तासांच्या विक्रमासाठी जाहिरातीतून झालेलं बघणं मोजणार नाही.

भारतातही आता याद्या आल्या. २०२१ मध्ये भारतीय संगीत उद्योगाच्या संस्थेने परदेशी गाण्यांची साप्ताहिक यादी सुरू केली आणि २०२२ मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्डने भारतातल्या गाण्यांची. दोन्ही ऐकण्यावर आधारलेल्या. या नव्या मोजणीचा मराठीला फायदाही झाला. २०२४ मध्ये जळगावकडच्या संजू राठोडचं 'गुलाबी साडी' मोबाइलवरून देशभर पोचलं. मराठी न येणाऱ्यांनीही त्यावर रील केले. जुन्या काळी असं गाणं आधी मुंबईच्या कंपनीच्या दारात उभं राहिलं असतं.

आजींचा धवला कोणत्या वहीत?

आता आपण मांडवात परत येऊ.

आपल्या रायगडात आगरी लग्नात धवलारणीशिवाय लग्न पुरं होत नाही. मांडव, हळद, तेल, प्रत्येक विधीचा धवला वेगळा, आणि तो कागदावर नाही, आजींच्या डोक्यात. मराठीतली आद्य कवयित्री मानतात त्या महदंबेची रचनाही 'धवळे' या नावानेच ओळखली जाते, आणि तीही लग्नाचीच गाणी. सातशे वर्षं झाली तरी ती आज आपल्याला वाचता येतात, कारण महानुभाव पंथातल्या माणसांनी ती लिहून जपली. त्याच काळात आपल्या किनाऱ्यावरच्या बायकांनीही धवले म्हटले असतीलच. ते कुणी लिहिले नाहीत.

आता तर कुणीही मोबाइल घेऊन येतं, आजींकडून दोन गाणी म्हणवून घेतं आणि आपल्या चॅनेलवर टाकतं. खाली लिहितं, 'पारंपरिक'. आजींचं नाव नाही, गावाचं नाव नाही. बघणारे वाढले तर पैसे चॅनेलवाल्याला. म्हणून गाणाऱ्या बायकांनी काही गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, पारंपरिक गाणं कुणा एकाच्या मालकीचं नसतं, ते कुणीही म्हणू शकतं. पण तुमच्या गळ्यातून निघालेलं गाणं, म्हणजे तुमचं सादरीकरण, त्यावर कायद्याने तुमचा हक्क असतो. तो पन्नास वर्षं राहतो. तुमच्या परवानगीशिवाय रेकॉर्ड करून ते विकता येत नाही.

दुसरी, तुम्ही स्वतः नवं गाणं रचलं असेल तर त्याच्या शब्दांचा हक्क तुमचा. तो तुमच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं राहतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. पण तुम्ही रचलं याचा पुरावा हवा, म्हणून वहीत तारीख घालून लिहून ठेवा.

तिसरी, कुणी कागदावर सही मागितली तर घाई करू नका. घरातल्या शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या. गाण्याचे हक्क लेखी कागदाशिवाय दुसऱ्याला जात नाहीत. कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गाणं लिहिणाऱ्याचा आणि चाल लावणाऱ्याचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला सही घेऊनही काढून घेता येत नाही.

चौथी, गटाने स्वतःचं यूट्यूब चॅनेल काढायचं असेल तर हिशेब आधीच समजून घ्या. जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला साधारणपणे एक हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तास बघणं लागतं. लगेच पैसे येतील या आशेवर कर्ज काढू नका.

पाचवी आपल्या सगळ्यांसाठी. आवडलेलं गाणं गायकाच्या स्वतःच्या चॅनेलवर ऐका. कुणीतरी उचलून टाकलेल्या ठिकाणी ऐकलं तर आपलं ऐकणं चुकीच्या वहीत चढतं. आणि आजही फोनमधून न मागितलेल्या सेवेचे पैसे जात असतील तर १९८ ला फोन करा, तक्रार नंबर मागून लिहून घ्या.

आम्ही आमच्यापासून सुरुवात केली. पावसाळ्यात होड्या बंद होत्या तेव्हा आजींच्या ओटीवर बसलो. आधी त्यांना विचारलं, आवाज घेऊ का, रेडिओवर लावू का. त्या हो म्हणाल्या, पण दोन धवल्यांना नाही म्हणाल्या. ते फक्त मांडवातच म्हणायचे असतात. ते आम्ही घेतले नाहीत. बाकी प्रत्येक धवल्याच्या सुरुवातीला त्यांनी स्वतःचं नाव, गाव आणि कुणाकडून शिकल्या ते सांगितलं. अकरा धवले झाले. गटाच्या वहीच्या मागच्या पानांवर, कर्जाच्या हप्त्यांच्या पाठीमागे, ते लिहून ठेवले आहेत.

शेवटी आजींनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, "मंग नंबर कोन लावतं?" आम्ही सांगितलं, आजी, ज्याच्या हातात वही असते तो. त्या म्हणाल्या, "मंग वही नीट ठेवा."

पुढच्या आठवड्यात भेटू. तोवर नमस्कार.

गटात बोलण्यासाठी

तुमच्या गावात लग्नाची, होळीची, नारळी पौर्णिमेची गाणी कोणाकोणाला येतात? त्यांची नावं गटाच्या वहीत लिहा.

त्यातली कोणती गाणी कुणी रेकॉर्ड करून नेली आहेत? तेव्हा परवानगी घेतली होती का, नाव दिलं होतं का?

गेल्या तीन महिन्यांत तुमच्या फोनमधून न मागता पैसे गेले का? आज बैठकीतच प्रत्येकीने आपला फोन तपासून बघा.